आमच्या बॅचची वहिनी

आमच्या बॅचमधल्या जवळजवळ प्रत्येक मुलीने आयुष्यातली पहिली सुई एकाच हातात टोचली आहे. तो हात वहिनीचा. सावळा, मनगटात रुंद, भात लावून आणि लाकडं वाहून कमावलेला, आणि त्यावर अशा ठसठशीत शिरा, की ट्यूटर मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "हा हात म्हणजे पाठ्यपुस्तक आहे."

रबरी हातावरचा सराव संपला आणि मॅडमनी विचारलं, "आता खऱ्या माणसाचा हात. कोण देतंय?" तेव्हा सगळ्या वर्गाचे हात ओढण्यांखाली गेले. एकटी वहिनी उठली, बाही खांद्यापर्यंत गुंडाळली आणि टेबलावर हात पसरून बसली. "घ्या गो, पोटभर टोचा. लावणीत खेकडे चावलेत ह्या हाताला, तुमच्या सुईचा काय घेऊन बसल्यात?"

माझी पाळी आली तेव्हा मी सिरिंज उचलून दोनदा ट्रेमध्ये परत ठेवली. मी पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या धनगरवाडीची मुलगी. दहावीपर्यंत शाळा सुटली की बकऱ्यांमागे जायचं, एवढंच मला येत होतं. महाडच्या ह्या नर्सिंग स्कूलमध्ये माझा नंबर लागला हीच माझ्या दृष्टीने चूक होती आणि ती कधीतरी कोणाच्या तरी लक्षात येणार, अशी मला रोज भीती वाटायची. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मने, ढोरांचा डॉक्टर तुमच्या वाडीत येत असंल ना? बकरी कशी उड्या मारते सुई बघून! मी बघ, हलत पण नाय. तुला सगळ्यात सोपी बकरी मिळालीय."

मला हसू फुटलं. हसता हसता सुई गेली, पण शीर हुकली. मी रडवेली झाले. वहिनी म्हणाली, "दुसऱ्या बाजूनी घे." दुसऱ्यांदा सिरिंजमध्ये लाल रेघ चढली आणि वहिनी मोठ्याने ओरडली, "आला! आला गो!" स्वतःचं रक्त गेल्याचा एवढा आनंद झालेली बाई मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

तिचं नाव वैशाली. पण आम्ही सगळ्या अठरा-एकोणीसच्या आणि ती तिशीतली, गळ्यात मंगळसूत्र, गावी सहा वर्षांची मुलगी. पहिल्याच संध्याकाळी कोणीतरी तिला 'वहिनी' म्हटलं आणि ते नाव मेसच्या मावशींपासून वॉर्डातल्या पेशंटपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. तिचा नवरा शिवथरच्या रस्त्यावर सहा आसनी रिक्षा चालवायचा. ती वहिनी, म्हणून तो आपोआप आम्हा सगळ्यांचा दादा झाला. शनिवारी तो गेटवर यायचा तेव्हा पंचवीस-तीस बहिणी खिडकीतून त्याला हाका मारायच्या आणि तो बिचारा रिक्षाच्या आरशात बघून केस सारखे करायचा.

एवढ्या उशिरा ती नर्स व्हायला का आली, हे तिने मला एकदा चवदार तळ्याच्या काठाने फिरताना सांगितलं. ती आधी गावात आशा ताई होती. खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर फिरून गरोदर बायांची नोंद ठेवायची, त्यांना गोळ्या पोचवायच्या, दिवस भरले की गाडी करून दवाखान्यात आणायचं. "दवाखान्यात आणायची मी, रस्ताभर हात धरायची मी," वहिनी म्हणाली, "आणि प्रसूतीच्या खोलीचा दार आला की सिस्टर म्हणायच्या, ताई तुम्ही बाहेर थांबा. त्यांचाही बरोबर हाय. पण मी किती वर्सं त्या दाराशी उभी राहिली असंन गो! आतून पोराचा आवाज यायचा आणि मला वाटायचा, आत नक्की होतं तरी काय? मला आत जायचं होतं. बस."

तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. जत्रेत पाळणा बघितलेल्या मुलासारखी तिची उत्सुकता होती. आणि ती पूर्ण तीन वर्षं तशीच राहिली, याचंच मला आजही नवल वाटतं.

"भारीच हाय!" हा तिचा आवडता शब्द. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब पाहिला, भारीच हाय. कापसाचे बोळे आणि कात्र्या वाफेत निर्जंतुक करायचं भांडं पाहिलं, भारीच हाय. पांढरे बंद बूट आयुष्यात पहिल्यांदा घातले, तर व्हरांड्यातून दोनदा जाऊन आली आणि म्हणाली, "पाय आतमधी घरात बसल्यासारखे वाटतात. भारीच हाय!" आम्ही कॉलेजच्या वयाच्या मुली कशालाही भारी म्हणायला लाजायचो. वर्गात कंटाळल्यासारखं बसणं ही आम्हाला हुशारी वाटायची. वहिनी पहिल्या बाकावर पुढे झुकून बसायची आणि तिच्या शेजारी बसून कंटाळणं फार अवघड जायचं.

एकदाच मी तिला गप्प झालेली पाहिली. शरीरशास्त्राच्या वर्गात कोपऱ्यात सांगाडा टांगलेला होता. मुली त्याला टोपी घालून फोटो काढत होत्या. वहिनीने मॅडमना विचारलं, "मॅडम, हे खरं माणूस आहे का?" मॅडम म्हणाल्या, "हो, हा खरा आहे." वहिनी त्याच्यासमोर गेली, आम्ही देवळात करतो तसा नमस्कार केला आणि जागेवर येऊन बसली. त्या दिवसापासून टोपी गेली. आणि परीक्षेच्या आधी नमस्कार करायला आम्हीही जाऊ लागलो, पण तो पास होण्यासाठी!

संध्याकाळी हॉस्टेलवर वहिनीचा फोन हा रोजचा कार्यक्रम असायचा. तिच्या सासूबाई घरी नातीला सांभाळायच्या. घरात रेंज यायची नाही, म्हणून त्या मुलीला घेऊन देवळाच्या पायऱ्यांवर येऊन बसायच्या. वहिनी फोन स्पीकरवर टाकायची, कारण एका हाताने ती कपडे धुवत असायची. आधी मुलीचं जेवणखाण, अभ्यास व्हायचा. मग सासूबाईंचा आवाज यायचा, "आज काय शिकलीस गो?"

आणि वहिनी दिवसभराचा पाठ सांगायला लागायची. आम्ही बादल्या घेऊन उगीचच तिथे घोटाळायचो.

"आये, हृदयाला चार खोल्या असतात."

"चार?" पलीकडून आवाज आला. "आपल्या घराला तीनच हायत."

नळावर बसलेल्या सगळ्या मुली हसून लोटपोट. पण सासूबाईंचा चेष्टेचा स्वभाव नव्हता, त्या मनापासून ऐकायच्या आणि मनापासून विचारायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "माणूस झोपला तरी ते हृदय चालूच ऱ्हातं म्हंतेस. मंग त्याला इसावा कधी?" वहिनीने प्रश्न वहीत लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात हात वर केला, "मॅडम, आमच्या सासूबाईंची शंका आहे." वर्गात खसखस पिकली. मॅडम मात्र हसल्या नाहीत. फळ्याकडे वळल्या, हृदयाच्या ठोक्याची आकृती काढली आणि म्हणाल्या, "दोन ठोक्यांच्या मधे. तेवढीच त्याची विश्रांती. सासूबाईंना सांगा, प्रश्न फार चांगला आहे." पुढे पुढे तर मॅडमच तास संपताना विचारायच्या, "आज शिवथरहून काही शंका?" इकडे आम्ही एखादा धडा शिकलो, की दोन दिवसांत तिकडे पाणवठ्यावरच्या बायांना तो ठाऊक झालेला असायचा.

म्हणूनच पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि वहिनी शरीरशास्त्रात नापास झाली, तेव्हा आमचा विश्वास बसेना. तिला सगळं येत होतं. सांगायला सांगा, घडाघडा सांगायची. पण पेपर इंग्रजीत लिहायचा. बारावी होऊन तिला बारा वर्षं उलटून गेलेली. अक्षरं जुळवता जुळवता वेळ संपायचा आणि पानं कोरी राहायची.

निकाल कळला तेव्हा ती हसली. "बघा, इंग्रजी मला झेपायचा नाय, म्हटला नव्हता?" एवढंच बोलली आणि खोलीत गेली. थोड्या वेळाने मी गेले तर ती पिशवीत साड्या भरत होती. मी विचारलं, "वहिनी, काय करतेस?"

"घरी जाते. पोरगी पहिलीत पास झाली गो, आणि आई नापास. तिला काय तोंड दाखवू? आये पण थकली आता. माझं आपलं ठीक होतं आधी. दाराबाहेर उभी राह्यची, पण उभी तर होती."

मी पुष्कळ समजावलं. ती ऐकत होती आणि घड्या घालत होती. ती गेली तर मी तिथे कशी राहणार, हा माझा स्वार्थी विचार होता, खोटं कशाला बोलू? मी व्हरांड्यात गेले आणि दादाला फोन लावला. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आयेला सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने आये आल्या. ठेंगण्या, काटक, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. आम्ही त्यांचा आवाजच ओळखत होतो. त्यांना पाहून मुली खोलीच्या दारात गोळा झाल्या. त्या सरळ वहिनीच्या खाटेवर बसल्या.

"काय झाला?"

"मी नापास झाली, आये."

"कशात?"

"शरीरशास्त्रात."

"मंग मी पण नापासच की," आये म्हणाल्या. "मी पण तुझ्यासंगती तेच शिकत होती."

वहिनीने मान वर केली.

"आता तू मधीच सोडलास तर मला फुडचा कोण सांगंल?" आये अगदी गंभीरपणे बोलत होत्या. "मूतखड्यापत्तर आलो आपण. तो होतो कसा, ते सांगितला. पडतो कसा, ते ऱ्हायला. खाली बाया विचारतात मला. त्यांना काय सांगू?"

वहिनीला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम आलं. आयेंनी पिशवीतल्या साड्या एकेक करून बाहेर काढून खाटेवर ठेवल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "बघत काय ऱ्हायल्यात गो? भाकरी खावा."

त्यानंतरचे महिने मला कधी विसरता येणार नाहीत. रोज संध्याकाळी आम्ही दोघी तळ्याभोवती फेऱ्या मारायचो आणि इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं मोठमोठ्याने म्हणायचो. एका फेरीत हाडं, एका फेरीत स्नायू. भेळवाला आमच्याकडे बघून मान हलवायचा. वहिनी अडली की जागेवर थांबायची, शब्द जुळल्याशिवाय पाऊल पुढे टाकायची नाही. तिच्या नादाने माझी स्पेलिंगं इतकी पक्की झाली, की मी वर्गात पहिल्या पाचांत आले. मला! मी घरी फोन करून बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "पाचच पोरी हायत काय वर्गात?"

फेरपरीक्षेचा निकाल आम्हाला वॉर्डात ड्युटीवर असताना कळला. मी खूण केली आणि वहिनी पुरुष वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटली. समोर ट्यूटर मॅडम उभ्या. आवाज चढवून म्हणाल्या, "नर्सने वॉर्डात दोनच वेळा धावायचं असतं, आग लागली तर, आणि रक्त थांबत नसलं तर!"

"आणि पास झाल्यावर, मॅडम?" वहिनीने धापा टाकत विचारलं.

मॅडमचा चेहरा मऊ झाला. "आज चालेल," त्या म्हणाल्या. खाटांवरच्या पेशंटनी टाळ्या वाजवल्या. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या एका आजोबांनी तर शिट्टी मारली.

आणि मग तो दिवस आला. दुसऱ्या वर्षी आमची ड्युटी प्रसूती विभागात लागली. वहिनी त्या दारातून आत गेली. मी तिच्या मागेच होते. तिने आत पाऊल टाकून एकदा सगळीकडे पाहून घेतलं, टेबल, दिवा, बाळाला ठेवायची ऊबदार पेटी. माझ्या कानात म्हणाली, "एवढीशीच खोली हाय गो!" मग बाळ झालं, रडलं आणि वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हातमोजे घातलेले, त्यामुळे पुसता येईना. सिस्टर म्हणाल्या, "अगं, इतक्या बाया तू आणल्यास, तुला काय नवीन?" वहिनी म्हणाली, "सिस्टर, मी फक्त आवाज ऐकला होता."

सगळं आवरल्यावर तिने सिस्टरांची परवानगी मागितली आणि ती दार उघडून बाहेर गेली. बाकावर बाळंतिणीची आई बसली होती आणि तिच्या गावची आशा ताई भिंतीला टेकून उभी होती. वहिनीने दोघींना आत काय काय झालं, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. बाळ कसं आहे, आई कशी आहे, आता किती वेळ आत ठेवतील, का ठेवतील. पुढे तिने ही सवयच लावून घेतली. ड्युटी कोणतीही असो, मधे एकदा बाहेर जाऊन बाकावरच्या माणसाशी बोलून यायचंच. "त्यांचा जीव भांड्यात पडायला एक शब्द पुरतो," ती म्हणायची, "तो पण आपण देत नाय."

शेवटच्या वर्षी दिवे हातात घेऊन शपथ घ्यायचा समारंभ झाला. शिवथरहून दादा, आये आणि नवा फ्रॉक घातलेली मुलगी आली. माझे बाबा येतील असं मला वाटलं नव्हतं. वाडीत सगळे त्यांना म्हणायचे, की पोरगी खाली गेली ती गेलीच. पण ते आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. गेटवरच्या रखवालदाराने त्यांना थांबवलं, तर वहिनी हातात दिवा घेऊन तशीच गेटपर्यंत गेली आणि त्यांना पहिल्या रांगेत आयेंच्या शेजारी आणून बसवलं. शपथ झाली, टाळ्या झाल्या. बाबा आयेंना विचारत होते, "लाइट असताना दिवं कशाला?" आये म्हणाल्या, "लाइट जातो." बाबांना ते पटलं.

पास झाल्यावर आम्हा दोघींना पोलादपूरच्या बाजूला एकाच दवाखान्यात कंत्राटावर काम मिळालं. पहिल्या दिवशी युनिफॉर्मवर नावाची पट्टी लावली आणि आम्ही एकमेकींची नावं मोठ्याने वाचली. वहिनीची पट्टी वाचून मलाच क्षणभर कळेना ही कोण वैशाली! हायवेचा दवाखाना, त्यामुळे काय येईल याचा नेम नसायचा. आंबेनळी घाटातून उतरताना उलट्यांनी बेजार झालेले प्रवासी, विंचू चावलेले गडी, कोयता लागलेल्या बाया, अपघात. वहिनीला सगळंच हवं असायचं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा फोन करून विचारायची, "आज काय आला गो?"

आमच्या सुरुवातीच्याच दिवसांतली एक दुपार. वरच्या गावातली एक पहिलटकरीण सुखरूप बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, छान रडली होती. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि हायवेवरचे जखमी आले म्हणून ते खाली अपघात विभागात गेले. मी बाळाचं वजन करत होते. तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला, "मने." त्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. मी वळून पाहिलं. बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. चादर भिजून थेंब जमिनीवर पडत होते.

"डॉक्टरना बोलाव. पळ."

मी पळाले. जिना कसा उतरले ते आठवत नाही. डॉक्टर एकाच्या डोक्याला टाके घालत होते. त्यांनी तिथूनच कोणतं इंजेक्शन द्यायचं, सलाइनला काय जोडायचं ते सांगितलं आणि म्हणाले, "पोट दाबून धरा, सोडू नका, मी आलोच." मी परत आले तर वहिनीचा एक हात बाळंतिणीच्या पोटावर होता, गर्भाशय आवळावं म्हणून ती जोर लावून गोल गोल चोळत होती आणि तोंडाने एकसारखी तिच्याशी बोलत होती.

"वनिता, डोळे मिटायचे नाय. माझ्याकडं बघ. पोरीचा नाव काय ठेवणार?"

"सासूबाई... ठेवतील..."

"सासू ठेवंल ते कागदावर. तू हाक काय मारणार? ते सांग मला."

मी इंजेक्शन दिलं. दुसऱ्या हाताला सुई लावायची होती. तिच्या शिरा खोल गेल्या होत्या, सापडेनात. मी मनगटापाशी बोट फिरवलं, थांबले, परत फिरवलं, आणि एक शीर बोटाखाली लागली. सुई गेली. सलाइन धो धो सुटलं. मला आठवतंय, त्या वेळी मला भीती वाटतच नव्हती. भीतीला शिरायला जागाच नव्हती.

"घट्ट होतोय," वहिनी म्हणाली. मग परत, "घट्ट झाला गो! बघ, हात लाव!" मी हात लावला. पोटाखाली चेंडूसारखा टणक गोळा लागला. रक्ताची धार बारीक झाली होती. डॉक्टर धापा टाकत आले, सगळं तपासलं, मान वर केली आणि म्हणाले, "बरोबर धरलंत. चांगलं केलंत दोघींनी."

वनिता पांढरीफटक पडली होती, पण तिचे डोळे उघडे होते. ती हळूच म्हणाली, "परी."

"काय गो?"

"हाक मारायला. परी."

वहिनी हात धुऊन लगेच बाहेर बाकावर गेली, वनिताच्या आईला सगळं सांगून आली. त्यानंतर ती कुठे दिसेना. शोधत गेले तर सामानाच्या खोलीत जमिनीवर बसलेली, पाठ कपाटाला टेकलेली आणि दोन्ही हात समोर धरलेले. हात थाडथाड उडत होते. "हे बघ," ती मला म्हणाली आणि हसायला लागली. "आता थरथरतायत! शहाणे हायत हात. काम झाल्यावर थरथरतात." मी तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. रडलोही असू. पण आपण खरंच नर्स झालो, हे मला कळलं ते तिथे, सलाइनच्या खोक्यांमध्ये बसून.

पुढच्या वर्षी वहिनीला सरकारी कायमची नोकरी लागली. ठिकाण नंदुरबारच्या डोंगरात. आम्हाला वाटलं, ती खचेल. शिवथर कुठे आणि नंदुरबार कुठे! तर ती ऑर्डर हातात घेऊन नाचत आली. "मने, तिथल्या बायांची भाषा आपल्याला येत नाय. वेगळीच हाय म्हणे. भारीच हाय ना?" सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं. दादा तिथे रिक्षा चालवणार आणि आये येणार नाहीत तर कोण येणार?

जाण्याच्या आधीच्या रविवारी ती म्हणाली, "तुझी वाडी बघायची ऱ्हायलीय." आमची वाडी म्हणजे रस्ता संपल्यावर डोंगराची उभी पायवाट. ती वर पोचेपर्यंत घामाघूम झाली, पण दर वळणावर थांबून खाली सावित्रीचं पात्र दिसतंय का बघत होती. वाडीत आमच्या थोरल्या काकीचा शब्द चालतो. काकीला कित्येक महिने डोकेदुखी होती. मी तिला खाली ये, तपासून घे, असं सांगून थकले होते. "आम्हाला काय धाड भरलीय दवाखान्यात यायला?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

वहिनीने कोणालाच काही सांगितलं नाही. बकरीच्या दुधाचा चहा घेतला, करडांना उचलून घेतलं, काकीला घोंगड्या कशा विणतात ते विचारलं. मग रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि पहिल्यांदा बाबांचा दाब बघितला. मग एकेक करत सगळ्या बाया पुढे आल्या. शेवटी काकी आली, आपण उपकार करतोय अशा थाटात. तिचा दाब बराच वाढलेला होता. वहिनीने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. म्हणाली, "काकी, तुमचा डोका उगाच दुखत नाय. गोळी चालू केली तर थांबंल. ह्याच आठवड्यात खाली याल ना, मनीकडं?"

"मनी काय बघणार?" काकी म्हणाली. "काल-परवापत्तर बकऱ्यांमागं पळत होती ती."

"अजून पळते," वहिनी म्हणाली. "आता माणसांमागं पळते. मी बघितलंय."

काकी म्हणाली, "बघू." आमच्या वाडीत 'बघू' म्हणजे नाही.

पोलादपूरच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. बोचकी, ट्रंक, मुलीचं दप्तर, आयेंच्या मांडीवर तांदळाची पिशवी. मी रडून रडून डोळे सुजवून घेतले होते. वहिनीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "रडतेस काय गो? फोन करीन ना रोज. आज काय आला ते सांगायचा मला." आये खिडकीतून म्हणाल्या, "आता दोघींनी तिकडची भाषा पयल्यापासून शिकायची हाय." गाडी सुटली. वहिनी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन हात हलवत होती आणि कंडक्टर तिला आत ओढत होता. हायवेच्या वळणाला गाडी दिसेनाशी झाली. मी तोंड धुतलं आणि ड्युटीवर गेले. दवाखाना त्या दिवशी फार मोठा आणि फार शांत वाटला.

चार-पाच दिवसांनी सकाळी मी बाह्यरुग्ण विभागात होते. व्हरांड्यातून गलका ऐकू आला, म्हणून बाहेर डोकावले. आमच्या वाडीतल्या बाया! सात-आठ जणी ओळीने उभ्या, डोक्यावर पदर, पाय धुळीने माखलेले. सगळ्यांच्या पुढे काकी. दवाखान्याची पायरी ती जन्मात पहिल्यांदा चढली होती. मला पाहून तिने इकडे तिकडे नजर फिरवली.

"ती हसरी बाई कुठं हाय?"

"ती गेली, काकी. लांब नोकरी लागली तिला."

मागच्या बायांकडे काकीने एकदा वळून पाहिलं. मला वाटलं, आता ही परत फिरणार आणि तिच्यामागून सगळ्या डोंगर चढून जाणार. मग तिने माझ्याकडे पाहिलं, नावाच्या पट्टीपासून पांढऱ्या बुटांपर्यंत, सावकाश. मी जन्मल्यापासून तिने मला एवढं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

"मंग तू बघ," ती म्हणाली आणि आत येऊन स्टुलावर बसली. "पण नीट बघ."